१७ व्या वर्षी खोली घेताना डिपॉझिट नक्की कोणाच्या हातात द्यायचं?

कोपऱ्यातली_खोली:

मी १७ वर्षांची आहे. अठरा पूर्ण व्हायला अजून सात महिने आहेत. पुढच्या महिन्यात नव्या शहरात कॉलेज सुरू होतंय आणि हॉस्टेलच्या यादीत माझं नाव आलं नाही. मागच्या रविवारी बाबांबरोबर जाऊन एक खोली बघून आले. त्याबद्दल विचारायचं आहे. थोडं लांब होईल, पण कृपया वाचा.

घरात चार खोल्या आहेत. तीन ताया राहतात, तिघीही नोकरी करतात. सगळ्यांत मोठी २६ ची आहे, आपण तिला मोठी ताई म्हणू. रिकामी खोली पॅसेजच्या टोकाला आहे. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. एका बाजूच्या भिंतीला खालून गुडघ्यापर्यंत ओल आहे. दाराला आतून कडी आहे, पण बाहेरून कुलूप लावायला कोयंडाच नाही. तरी मला खोली आवडली. खूप आवडली. घरी मी आणि धाकटा भाऊ एकाच खोलीत झोपतो, मला आजवर स्वतःचं दार कधी नव्हतं.

अडचण पैशांची आहे. मोठी ताई म्हणाली की दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट माझ्याकडे दे, भाडं दर महिन्याला माझ्याकडेच रोख दे, कागद वगैरे काही नको, आपण इथे घरच्यासारख्याच राहतो. मी विचारलं, "घरमालकांना माहीत आहे ना?" ती म्हणाली, "त्यांना काही फरक पडत नाही." त्यापुढे माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. ती खूप चांगली वागली आमच्याशी, पाणी दिलं, सगळं घर हिंडून दाखवलं. अशा माणसाला पावती कशी मागायची?

बाबा म्हणतात, तुला तिच्यासोबतच राहायचंय, पहिल्याच दिवशी संशय दाखवू नकोस. बाबा स्वतः शब्दाला जागणारे आहेत, त्यामुळे त्यांना समोरचाही तसाच वाटतो.

अजून एक. वीजबिल चौघींत समान वाटायचं म्हणाल्या. दोघींच्या खोलीत हीटर आहे. माझ्याकडे फक्त लॅपटॉप आणि दिवा असेल, आणि शनिवार-रविवार मी घरी जाणार. सगळ्यांत लहान असून हे बोलणं बरं दिसेल का?

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मी काय विचारू आणि काय सोडून देऊ?


शाईचा_डाग:

तू कुठे राहतेस ते लिहिलं नाहीस. छान केलंस, लिहूही नकोस. कोणी खासगी निरोप पाठवून पत्ता विचारला तरी देऊ नकोस.

भाडेकरार तयार करण्याच्या कामात मला अकरा वर्षं झाली. तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते वाक्य, "त्यांना काही फरक पडत नाही." हे 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. मोठी ताई मूळ भाडेकरू आहे आणि तू तिची पोटभाडेकरू होणार आहेस. पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची परवानगी लागते, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. ती नसेल आणि उद्या मालकाने हरकत घेतली, तर ताईचा करार अडचणीत येईल आणि तुला सामान उचलावं लागेल. तेव्हा डिपॉझिट कोणाकडे मागणार?

आता वयाचं. कायद्याच्या भाषेत तू अजून अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आहेस. बऱ्याच देशांत माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो. जपानमध्ये ही अट २० होती, ती एप्रिल २०२२ पासून १८ झाली. दक्षिण कोरियात १९ आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र १६ पूर्ण झाल्यावर स्वतःच्या सहीने करार करता येतो. भारतात अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल धरतात. इंग्लंडमध्ये १८ च्या आतल्या मुलाच्या नावावर भाडेपट्टा थेट होत नाही आणि घरमालक बहुधा जामीनदार मागतात. तपशील जागोजागी वेगळे असले तरी व्यवहारात एकच गोष्ट करायची: सही बाबांची किंवा आईची, आणि कागदात "राहणार व्यक्ती" म्हणून तुझं नाव. अठरा झाल्यावर नवा कागद तुझ्या नावाने करून घे.

तुझी सही चालत नाही म्हणून कागदच नको, असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. कागद नसला की लहान माणसाचंच जास्त नुकसान होतं.

चौघींचा मिळून एकच करार होणार असेल तर त्यात "संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी" अशा अर्थाचं कलम आहे का ते बाबांना बघायला सांग. तसं असेल तर एकीने भाडं थकवल्यावर मालक पूर्ण रक्कम कोणाही एकीकडून मागू शकतो. सही करायची की नाही ते मग तुम्ही ठरवा, पण ते कलम वाचून ठरवा.


जुनी_छत्री:

बाळा, तुझं "मला आजवर स्वतःचं दार कधी नव्हतं" हे वाक्य वाचलं आणि थांबले. मीही १७ ची असतानाच पहिली खोली घेतली होती. जिन्याखालची होती, पलंगावर बसलं की डोक्याला उतरतं छत लागायचं. तरी पहिल्या रात्री दार लावून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. त्यामुळे तुला ती ओलीची भिंतही का आवडली ते मला कळतं. पण त्या भिंतीबद्दलच आधी सांगते.

माझ्याही खोलीत ओल होती. मी कपाट तिथेच लावलं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. चौदा महिन्यांनी सोडताना कपाट हलवलं तर मागे काळी बुरशी, रंगाचे पोपडे. मालक म्हणाले, हे तुझ्यामुळे झालं, ओले कपडे खोलीत वाळवतेस म्हणून. मी खरंच वाळवत होते. पण ओल मी येण्याआधीपासून होती, जमिनीलगत होती, खालून वर चढत होती. माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. अर्धं डिपॉझिट गेलं. तेव्हा मी अठरा पूर्ण केली होती आणि त्या पैशांतून पुढच्या सत्राची पुस्तकं घ्यायची होती. रडू आलं ते पैशांसाठी तर होतंच, पण मला खरं माहीत असून सिद्ध करता येईना, त्याचं जास्त होतं.

म्हणून सामान आत न्यायच्या आधी फोटो काढ. चारही भिंती, कोपरे, छत, खिडकीच्या फटी, दाराची कडी, गादी असेल तर तिची दोन्ही अंगं, बाथरूमचा नळ. विजेच्या मीटरचा आकडाही. आणि ते फोटो फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. त्याच दिवशी ताईला आणि मालकांना पाठव, खाली एवढंच लिही की "आज खोली ताब्यात घेतली, खोलीची स्थिती अशी आहे." पाठवल्याची तारीख आपोआप राहते. यात कोणाला संशय दिसत नाही, उलट काळजीपूर्वक राहणारी मुलगी आहे असंच वाटतं.

आता जी गोष्ट तू विचारली नाहीस ती. बाथरूममध्ये पाणी कशावर तापतं? विजेवर की गॅसवर?

आमच्या घरात गॅसचा गीझर होता, बाथरूमच्या आतच बसवलेला. थंडीत वारा येतो म्हणून वरच्या झडपेत कोणीतरी वर्तमानपत्र कोंबलं होतं. मी आले तेव्हापासून ते तिथे होतं आणि मला वाटलं, असेल इथली पद्धत. माझ्याआधी आंघोळीला जाणारी मुलगी एक दिवस बाहेर आली आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खालीच बसली. आम्ही म्हटलं उपाशी आहे, अशक्तपणा असेल. दोन दिवसांनी माझंही आत डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पाय जड झाले. गॅलरीत जाऊन उभी राहिले तर पाऊण तासात उतरलं. तिसऱ्या दिवशी परत तेच. तेव्हा कुठे आमच्यातल्या एकीने, जी रुग्णालयात काम करायची, तो कागद ओढून काढला आणि गॅस बंद केला.

बंद जागेत गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतानाही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आत डोकं दुखतं आणि बाहेर आलं की बरं वाटतं, ही त्याची खूण आहे. तसं कधीही झालं तर सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, शक्य असेल तर जाता जाता गॅस बंद करायचा, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे जायचं. गॅसचा गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर हवा आणि त्याचा धूर नळीने घराबाहेर जायला हवा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा छोटा अलार्म मिळतो, तो चौघींनी मिळून घ्या. मी तेव्हा नवी होते, लहान होते, म्हणून वर्तमानपत्राबद्दल बोलले नाही. भिडेखातर गप्प बसले. ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. म्हणून एवढं लिहिते आहे.

कोयंडा मागायचाच. त्यात विचार करायचं काही नाही. तू शनिवार-रविवार नसणार, तुझी प्रमाणपत्रं, लॅपटॉप तिथे असणार. बाहेरून कुलूप हवं, आणि जुन्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत याचा नेम नसतो, म्हणून कुलूप नवं आण. एक किल्ली तुझ्याकडे, एक घरी आईकडे.

विजेचं सोपं गणित सांगते, भांडण न करता मांडता येतं. एक हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. १५०० वॅटचा हीटर रोज दोन तास लावला तर दिवसाला ३ युनिट, ३० दिवसांत ९०. तुझा लॅपटॉप ६० वॅटचा धरला आणि रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट, तेही रोज राहिलीस तर. फरक दहापट आहे. पण माझं मत विचारशील तर दिवे, पंखे, फ्रिज, पाणी तापवणं यांचं समान वाटून घे, शनिवार-रविवारची वजावट मागू नकोस. दिवस मोजायला लागलो की घरात दुधाचे थेंबही मोजले जातात, मी ते पाहिलंय. फक्त हीटरचं वेगळं काढा म्हणावं. हीटर नसलेल्या तिसऱ्या ताईलाही ते पटेल आणि तू एकटी पडणार नाहीस.


उंबरठा:

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी मूळ भाडेकरू आहे आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात १७ वर्षांचा एक मुलगा राहायला आला होता.

त्याने काहीही विचारलं नाही. फ्रिजमधला कुठला कप्पा माझा, असंसुद्धा नाही. सकाळी आम्ही उठायच्या आत आंघोळ उरकायचा, आणि रात्री ओट्यावरची सगळ्यांची भांडी घासून ठेवायचा. आम्हाला वाटलं, याला आवड आहे, शिस्त आहे. चार महिन्यांनी त्याची आई आली तेव्हा कळलं की लहान माणसाने हे करायचंच असतं अशी त्याची समजूत होती, आणि नाही केलं तर खोली जाईल अशी भीती होती. चार महिने. आमच्यापैकी कोणीही वाईट नव्हतं, आणि तरी हे आमच्या डोळ्यांसमोर झालं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, मोठ्या ताईला विचारण्याने तिचा अपमान होत नाही. तिला विचारल्याशिवाय तुझ्या मनात काय आहे ते कळणारच नाही. फक्त घोळक्यात विचारू नकोस. तिला एकटीला गाठ, आणि "बाबांना करार बघायचाय" असं बाबांच्या आडून नको, "मला पावती हवी आहे" असं सरळ बोल. आम्हा लोकांना सरळ बोलणारी माणसं घरात हवीच असतात.

सोडताना किती दिवस आधी सांगायचं तेही आत्ताच ठरवा. आणि पाहुणे रात्री राहू शकतात का, हेही विचार. त्या तिघी मोठ्या आहेत, त्यांचे मित्र येत असतील. तू १७ ची आहेस. कोण येणार ते आधी समजायला हवं असं म्हणायचा तुला अधिकार आहे, आणि त्यांनीही तो मान्य करायला हवा.


कोपऱ्यातली_खोली:

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_छत्री ताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

बुधवारी मोठ्या ताईला एकटीला फोन केला. हात थरथरत होते म्हणून प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवले होते. पहिल्यांदा मालकांचा नंबर मागितला. ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, उद्या सांगते. मला वाटलं संपलं सगळं, रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. माझ्या आधी त्या खोलीत जी मुलगी होती तिचं डिपॉझिट परत द्यायचं राहिलंय. मालकांनी सगळं डिपॉझिट सुरुवातीला ताईकडून एकदम घेतलं होतं, ते घर सोडेपर्यंत मिळणार नाही. म्हणजे माझे पैसे त्या मुलीला जाणार होते. आणि मी जाईन तेव्हा माझ्यानंतर येणारीचे पैसे मला. ताईची फसवायची इच्छा नव्हती. तिला एवढंच वाटत होतं की हे सांगितलं तर मी येणार नाही. म्हणाली, आतापर्यंत कोणी विचारलंच नाही.

मी म्हटलं, पण माझ्यानंतर कोणी आलीच नाही तर? त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

मग बाबा बोलले मालकांशी. चौथी मुलगी येणार हे त्यांना माहीतच नव्हतं, तीनच राहतात असं समजत होते. आधी थोडे रागावले. शेवटी असं ठरलं: मालकांचं परवानगीचं पत्र, राहणार व्यक्ती म्हणून माझं नाव, बाबांची सही. डिपॉझिट दोन महिन्यांऐवजी एका महिन्याचं, ते ताईकडेच, पण खोली सोडल्यापासून पंधरा दिवसांत परत, नवी मुलगी येवो अथवा न येवो, असं तिने लिहून दिलंय. भाडं बँकेतून पाठवायचं, म्हणजे पावती मागायला नको. नोटीस दोन्हीकडून एक महिन्याची. रात्रीच्या पाहुण्यांचं अजून बोलायचं राहिलंय, ते मी सगळ्यांना एकत्र भेटल्यावर बोलेन. शाईचा_डाग काका, यात काही सुटलं असेल तर सांगा.

हीटरचं मी विचारायच्या आधीच तिसऱ्या ताईने काढलं! तिला वर्षभर हेच म्हणायचं होतं.

पाणी गॅसवरच तापतं. गीझर बाथरूममध्ये आहे, नळी बाहेर जाते, पण वरच्या झडपेला पुठ्ठा लावलेला होता. मी ताईला फोटो पाठवायला सांगितला तेव्हा दिसला. आता काढलाय. मेकॅनिक येऊन बघेपर्यंत गीझर लावणार नाही असं तिघींनी कबूल केलंय, आणि अलार्मचे पैसे चौघी मिळून देणार आहोत.

बाबांनी येताना कोयंडा आणि चार स्क्रू आणले. शनिवारी बसवणार.

एकच शेवटचं विचारते. खोलीत मालकांचं एक लोखंडी कपाट आहे, ते ओलीच्या भिंतीलाच लावलेलं आहे. फोटो काढताना ते तसंच ठेवायचं की हलवायचं?


जुनी_छत्री:

हलव. बाबांना एका बाजूने धरायला सांग. पहिला फोटो त्याच्या मागच्या भिंतीचा.